चौथ्या घरची चिठ्ठी

छापखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला लोक हमखास दोन गोष्टी विचारतात. शाईचे डाग कशानं जातात, आणि लग्नपत्रिकेत नाव चुकलं म्हणून कधी मार खाल्लात का. डाग रॉकेलनं जातात. मार एकदाच खाल्ला, तोही नवरदेवाच्या मामाकडून, आणि त्याचं नाव बरोबरच छापलं होतं. ते तिसऱ्या ओळीत का, एवढाच त्याचा राग होता. भीतीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. मला विचाराल तर हा धंदाच भीतीचा आहे. हातानं लिहिलेली चूक एका कागदावर राहते, छापलेली पाचशे घरांत जाते, आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी बारीक अक्षरांत आपलंच नाव असतं. त्या ओळीला आम्ही प्रिंटलाइन म्हणतो. ती घालावीच लागते. इंद्रवेल्लीला आदिवासींच्या सभेवर पोलिसांचा गोळीबार झाला त्यानंतरच्या वर्षांत तर अनोळखी माणूस मजकूर घेऊन आला की आधी तो तळापर्यंत वाचायचा आणि मगच कागदाचा भाव सांगायचा, अशी सवय आदिलाबादच्या आम्हा छापखानेवाल्यांना लागली होती. प्रिंटलाइन लावताना मला नेहमी आपण स्वतःचा पत्ता पोलिसांना देतोय असं वाटायचं. बायको म्हणायची, "तुमी सावलीलेही भेता." खरं होतं.

माझ्याकडे एक पायानं चालवायचं ट्रेडल मशीन होतं, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी खिळ्यांच्या केसेस, म्हणजे बारीक घरं पाडलेल्या पेट्या, होत्या आणि दौलत नावाचा कंपोझिटर होता. खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर. ते वेचून ओळ जुळवायची, ओळींचं पान करायचं, पान दोऱ्यानं घट्ट बांधायचं. या बांधलेल्या पानाला मॅटर म्हणतात. काम छापून झालं की मॅटर सोडायचं, म्हणजे एकेक खिळा पुन्हा आपापल्या घरात टाकायचा. हे किचकट काम. म्हणून तेच गिऱ्हाईक पुन्हा येणार असेल तर काही मालक मॅटर न सोडता तसंच फळीवर ठेवतात. त्याला उभं मॅटर म्हणतात. पुढच्या वेळी दोन-चार शब्द बदलले की काम तयार.

दौलतला ते मुळीच पटायचं नाही. वयानं माझ्याहून मोठा, मॅट्रिक झालेला, शिक्षक व्हायची इच्छा राहून गेलेला माणूस. तो म्हणायचा, "मालक, उभं मॅटर सोडून देत जा. त्यानं मानूस आंधळा होते." मी हसून सोडून द्यायचो. आळसाला हुशारीचं नाव देण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा लहान दुकानदारांना माहितीपत्रकाची हौस सुटली. माहितीपत्रक हा माझा शब्द. गिऱ्हाईकं 'परचा' म्हणायची. गुडीहत्नूरच्या एका फोटोस्टुडिओवाल्यानं चार पानी परचा छापून घेतला आणि चारही पानांवर स्वतःचाच फोटो घातला. मी म्हटलं, गिऱ्हाइकांचे फोटो घाला ना. तर म्हणाला, "थे पयसे देत नाई ना फोटोचे." असो. परचा छापणं सोपं, तो लोकांनी फेकू नये हे अवघड. बाजारात वाटलेले परचे संध्याकाळी भज्यांच्या पुड्या होऊन हिंडायचे, ते पाहून मला वाईट वाटायचं. मग मला एक युक्ती सुचली. शिवकाशीहून देवादिकांची रंगीत चित्रं छापलेले कोरे कागद यायचे. त्याची घडी घातली की पहिल्या पानावर लक्ष्मी, आतल्या दोन पानांवर दुकानाचा मजकूर, शेवटच्या पानावर बाजाराचे दिवस आणि पावसाची नक्षत्रं. वर भोक पाडून लाल दोरा. लक्ष्मी असलेला कागद कोण फेकणार? लोक तो सरळ भिंतीच्या खुंटीला अडकवायचे. ही माझी कल्पना आणि मला तिचा भारी अभिमान होता.

महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या बेला गावच्या सुधाकरचं शेतीऔषधांचं दुकान नवीन होतं. स्वभावानं सरळ, बोलायला मोकळा. त्याचा परचा आदल्या वर्षी मीच साधा, काळ्या शाईत छापला होता: कोणतं औषध कशावर, आणि फवारणीच्या एका पंपाला किती. आमच्याकडे औषध मापानं नाही, बाटलीच्या टोपणानं मोजतात. बाटलीसोबत येणारं पत्रक इंग्रजीत नाहीतर तेलुगूत. बेल्याकडची माणसं मराठी वाचणारी, म्हणजे त्यांच्यासाठी सगळा भरवसा माझ्या परच्यावर. त्या वर्षी यादीतलं तिसरं औषध, एक तेलकट द्रव, बंद झालं आणि त्याच्या जागी एक नवीन, फार जालीम औषध आलं. सुधाकरनं यादी तेलुगूत लिहून आणली. त्याचं शिक्षण तेलुगूत झालेलं. मराठी घरची बोली, पण वाचताना अडखळायचा.

दौलत बहिणीकडे बारशाला गेला होता. तेलुगू पान त्यानं जाण्याआधी नवं जुळवून ठेवलं होतं. मराठी पान मी हाती घेतलं. फळीवर गेल्या वर्षीचं मॅटर उभंच होतं. तिसऱ्या ओळीतलं नाव काढलं, नवं बसवलं, वरखाली थोडं बदललं, प्रूफ काढलं. खरं तर प्रूफ दोघांनी वाचायचं असतं, एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवायचं. मी एकट्यानं वाचलं. सुधाकरनं तेलुगू पान नीट पाहिलं आणि मराठीकडे नजर टाकून म्हणाला, "तुमी पाह्यलं ना दादा? मंग छापा."

लक्ष्मीचे पाचशे परचे पोळ्याच्या चार दिवस आधी गेले. पोळा झाला, दुसऱ्या दिवसाची कर झाली. हे दोन दिवस आमच्याकडे कोणी शेतात काम करत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दौलत कामावर आला आणि मला न विचारता ते मॅटर सोडायला बसला. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, पण मुरलेला कंपोझिटर ते सुलट्यासारखं वाचतो. त्याचे हात थांबले.

"मालक, नव्या औषधाचं पंपाले किती म्हने?"

मी सुधाकरचा कागद काढला. "अर्धं टोपण."

"इथं सहा हाय."

गेल्या वर्षीच्या तेलकट औषधाची सहा टोपणं. नाव मी बदललं होतं, आकडा तसाच राहिला होता. मी कागदाच्या रिमवर बसलो. पहिलं काय मनात आलं तेही सांगतो, कारण आता लपवण्यात अर्थ नाही. मनात आली ती प्रिंटलाइन. तळाशी माझं नाव आहे, हे.

दौलतनं तेवढ्यात चुकीवर चिकटवायच्या चिठ्ठीचा मजकूर जुळवायला घेतलाही होता. तेच टाइप, तीच ओळ: 'पंपाला अर्धं टोपण'. मी ट्रेडलवर त्या पट्ट्या छापल्या, बायकोनं मैद्याची खळ शिजवली. खळीत मोरचूद टाकायचा असतो, नाहीतर झुरळं आणि कसर ती खाऊन टाकतात. त्या दिवशी मोरचूद आठवला नाही. डबा आणि पट्ट्या पिशवीत घालून मी बेल्याची बस धरली.

सुधाकरचा चेहरा पाहता पाहता उतरला. पण एक गोष्ट बरी निघाली. परचे अजून वाटलेच नव्हते, ते येत्या बाजारच्या दिवशी वाटायचे होते. नव्या औषधाच्या फक्त चार बाटल्या गेल्या होत्या आणि बाटलीसोबत एकेक परचा. चार गावांतली चार घरं, चारही नावं त्याला पाठ. "पोळ्यात तं कोनं फवारलं नसन," तो म्हणाला, पण मोटारसायकलला किक मारताना त्याचा पाय दोनदा घसरला.

पहिलं घर गावातच होतं. बाटली फोडलेली नव्हती. मी म्हटलं, परचा परत द्या, दुसरा आणून देतो. घरातली म्हातारी उंबऱ्यात आडवी आली. "सनासुदीचे दिवस, दारावर महालक्ष्म्या येऊन राह्यल्या, न् तू घरातली लक्ष्मी न्याले आला? काऊन रे बापू?" माझी युक्ती माझ्याच गळ्यात आली. कागद खुंटीवरच राहू दिला, घडी उघडली, आत चिठ्ठी चिकटवली आणि चूक झाल्याचं सांगून निघालो. दुसऱ्या आणि तिसऱ्या घरीही तसंच केलं. तिसऱ्या घरचा माणूस पंप धुऊनच ठेवत होता. दुपारून निघणार होता. तिथं मी दोन तांबे पाणी प्यायलो.

चौथं घर पैनगंगेकडच्या एका खेड्यात, मारोतीचं. दारात त्याची अकरा-बारा वर्षांची मुलगी उभी होती, वनिता. आई आत चुलीपाशी. सुधाकरनं विचारलं, "बा कुठं हाय?"

"वावरात गेले, सकाळीच. पंप घेऊन."

"औषध किती टाकाचं, हे कोनं सांगतलं?"

"म्याच वाचून देल्लं त्याहिले," ती म्हणाली. "बाले वाचता येत नाई. सहा टोपनं." हे सांगताना ती किती ऐटीत उभी होती, ते मला अजून दिसतं.

आम्ही पळालो. मोटारसायकल नाल्यापर्यंत गेली, पुढे कपाशीच्या पऱ्हाटीतून पायी. मारोती शेताच्या धुऱ्यावर बसला होता. तोंडातून लाळ गळत होती, अंगाला घामाच्या धारा, धोतर ओलं झालेलं. दीड पंप मारून झाला होता. आम्हाला पाहून उठायला गेला आणि कलंडला. सुधाकरनं त्याचा सदरा फाडून काढला, नाल्यावर अंग धुतलं, आणि दोघांच्या मध्ये त्याला बसवून आम्ही आदिलाबादचा रस्ता धरला. मी मागून त्याला कवटाळलं होतं. त्याचा श्वास घरघरत होता. मध्येच तो थांबायचा, मग मी ओरडायचो, "सुधाकर, हळू!" आणि लगेच, "सुधाकर, जोरात!" देवाला मी नवस बोललो ते मारोती वाचावा म्हणून की मी वाचावा म्हणून, हे तेव्हाही माझं मला कळलं नाही.

सरकारी दवाखान्यात इंजेक्शनावर इंजेक्शन सुरू झालं. त्याची बायको आणि भाऊ मागून बसनं आले. डॉक्टरांनी विचारलं, किती प्रमाण घेतलं होतं? बायको रडत म्हणाली, "सहा टोपनं. पोरीनं परच्यात वाचलं."

सुधाकर म्हणाला, "वैनी, परच्यात तं अर्धं टोपन हाय. लेकरू हाय, चुकलं असन वाचताना."

एवढं म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण खाटेवर माणूस तडफडत होता, आणि तो मेला तर काय, एवढाच विचार माझ्या मनात होता. दवाखान्याबाहेर जीप थांबल्याचा आवाज आला तरी मला पोलीस आले असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सुधाकर प्रेसवर आला. "दादा, चौथ्या घरची चिठ्ठी राह्यली." एवढंच बोलला. मी स्वतःची समजूत काढली की चुकीचा आकडा घरात राहू नये, पुन्हा कोणी वाचेल, पुन्हा घात होईल. ते खोटंही नव्हतं. मारोतीच्या घराला नुसती कडी होती. माणसं दवाखान्यात, मुलगी शेजारी. ओसरीत खुंटीला लक्ष्मी लटकत होती. मी आदल्या दिवशीची आंबूस खळ लावली आणि पट्टी अशी बेमालूम बसवली की बोट फिरवून पाहिलं तर कड लागेना. इतकं सुबक काम मी आयुष्यात क्वचितच केलं असेल. बाहेर पडताना चोरासारखा दोन्हीकडे पाहत निघालो.

तिसऱ्या दिवशी मारोतीनं डोळे उघडून बायकोला ओळखलं. मी रस्त्यातच बसून रडलो. लोकांना वाटलं, कोणी जवळचं गेलं. दुकानातले उरलेले परचे आम्ही दुरुस्त करूनच वाटले. पोलीस आले नाहीत, कागद झाले नाहीत. मारोतीच्या हाताला कंप राहिला तो राहिलाच, पण माणूस वाचला. मी सुटलो, असं मला वाटलं.

दिवाळीनंतर सुधाकर कॅलेंडरं छापायला आला आणि जाता जाता म्हणाला, "मारोतीनं पोरगी शाळेतून काढली. त्याच्या भावानं परचा पाह्यला, त्यात अर्धं टोपन लिवेल व्हतं. बापाले मारलं असतं या पोरीनं, म्हनतेत गावात. आता वावरात निंदाले जाते आईसंगं." मग त्यानं कॅलेंडरच्या कागदाचं विचारलं आणि मी त्याला नमुने दाखवले. दौलत केसपाशी पाठमोरा उभा होता. तो पुढच्या पगाराला काम सोडून गेला. कारण त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्यानंतर मी उभं मॅटर कधी ठेवलं नाही. मोठं प्रायश्चित्त! बेल्याच्या बाजूचा कोणी पायरी चढला की छातीत धस्स व्हायचं. एकदा तर मी मागच्या दारानं निघून गेलो, आणि तो बिचारा पावतीपुस्तकं छापायला आला होता. शाळेच्या वह्यांची वेष्टनं छापायची कामं यायची तेव्हा माझ्यानं बघवायचं नाही, प्रूफ दुसऱ्याला वाचायला द्यायचो.

असं दहाएक वर्षं चाललं. कॉम्प्युटर आले, ट्रेडल भंगारात गेलं. एका दिवाळीच्या आधी, दुपारी, कडेवर मूल घेतलेली एक बाई दुकानात आली. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. लक्ष्मीचा रंग उडाला होता, लाल दोरा काळा पडला होता. मी ओळखलं. कागद आधी, मग तिला.

"हे तुमचंच हाय ना काका? खाली नाव लिवेल हाय, थे वाचत वाचत आली." प्रिंटलाइनवर तिचं बोट होतं. "मायनं सारवासारवीसाठी लक्ष्मी खाली काढली, तं आतून हे पडलं." तिनं मुठीतून एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. मागच्या बाजूनं झुरळांनी खळ पार चाटून नेली होती.

तिनं घडी उघडून तिसरी ओळ माझ्यासमोर धरली. "इथं काय लिवलं हाय?"

मी कागद पुन्हा तिच्याकडे वळवला.

"मले वाचता येते काका. तुमी वाचा."

"सहा टोपणं," मी म्हणालो.

"चिठ्ठी कोनं लावली?"

"मी."

मला वाटलं, ती ओरडेल, माणसं जमतील, गल्लीतले दुकानदार येतील. त्या क्षणाला मी दहा वर्षं भीत होतो. ती ओरडली नाही. मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. "मले वाटे, मीच चुकली. रोज वाटे. निंदता निंदता मी मनात थो परचा वाचो, सहा दिसे. मंग म्हनो, माह्या डोळ्यातच खोट असन." कागदाची घडी घालत म्हणाली, "आता माह्या बापाले सांगा. माह्यावर तं कोनी भरोसा नाई ठेवत."

बेल्याची तीच बस, वनिता सोबत, पुढे त्या खेड्यापर्यंत चालत. मारोती ओसरीत बसला होता, केस पांढरे, हातातली बिडी थरथरत होती. मला पाहून त्यानं हात जोडले. "या साहेब. तुमी न् सुधाकरभाऊनं वाचवलं मले." इतकी वर्षं तो माझे उपकार मानत होता, हे मला ठाऊकच नव्हतं. मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. फळीवरचं मॅटर, सहा आणि अर्धं, दवाखाना, कडी काढून लावलेली चिठ्ठी. परचा त्याच्यासमोर ठेवला. माझी मान वर होईना.

बिडी विझली. तो आता मारील, असं वाटत होतं, आणि मारावं असंही वाटत होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थरथरत्या हातानं कागद उचलला आणि लेकीकडे धरला.

"तू वाच," तो म्हणाला.

वनिता मूल मांडीवर घेऊन खाली बसली. तिनं तिसऱ्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वर्गात उभी असल्यासारखं, एकेक अक्षर सुटं करत, मोठ्यानं वाचलं.

"पंपाला सहा टोपणं."

"आनखी एकदा वाच," मारोती म्हणाला.